होमस्टे टाकायचाय: गुहागर-दापोली की मालवण-वेंगुर्ला?

गावाकडे जागा आहे किंवा घ्यायचीय, थोडे पैसे बाजूला आहेत आणि दोन-तीन खोल्यांचं काहीतरी सुरू करायचंय, तर रत्नागिरी बरं की सिंधुदुर्ग, हे मला हल्ली इतक्या जणांनी विचारलंय की एकदा लिहूनच टाकतो. मी आधी गुहागरकडे मावसभावाच्या घरगुती सोयीत हाताखाली होतो, आता वेंगुर्ला तालुक्यात आमचं स्वतःचं आहे, म्हणजे माझं वजन कुठल्या पारड्यात पडणार हे तुम्ही ओळखलं असेलच, तरी रत्नागिरीवर अन्याय होऊ नये असा प्रयत्न करतो. समुद्र, माडाच्या बागा, सोलकढी दोन्हीकडे आहे, १९८१ पर्यंत जिल्हा तरी एकच होता, त्यात वेळ घालवत नाही.

रत्नागिरीचं पहिलं सुख म्हणजे गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. पुणेकर पहाटे निघाला आणि कुंभार्ली घाट उतरला की जेवायच्या वेळेला गुहागरात. त्यात गुहागरचा व्याडेश्वर कितीतरी घरांचं कुलदैवत, त्यामुळे ती माणसं अभिषेकाला येतातच, आणि एकदा तुमच्या हातचे मोदक आवडले की मग मुलं-सुना घेऊन तुमच्याकडेच उतरतात, रील बनवा की नका बनवू. हेदवी, वेळणेश्वर, गणपतीपुळे सगळं त्याच ओळीत. दापोलीकडे गेलात तर हर्णैचा मासळी लिलाव, सुवर्णदुर्ग, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती. आणि वेळासचं तर कौतुकच आहे, कासवाची पिल्लं समुद्रात सोडताना बघायला लोक येतात आणि गावातल्या घराघरांत राहतात, जेवतात, पैसा गावातच राहतो. स्थानिक पर्यटन म्हणतात ते मला विचाराल तर दोन्ही जिल्ह्यांत इतकं नीट दुसरीकडे जमलेलं नाही. पिल्लं त्या दिवशी निघतील की नाही याची गॅरंटी कोणी देत नाही ते सोडा.

मग अडलं कुठे? एका रात्रीवर.

दाभोळ-धोपावे आणि जयगड-तवसाळ या फेरीबोटींनी किनारा जोडला गेला, गाडी बोटीत घातली की मोठा वळसा वाचतो, पर्यटकाला एकदम मस्त. पण त्यामुळेच एक ठरलेला कार्यक्रम तयार झालाय, एक रात्र दापोली, एक गुहागर, एक गणपतीपुळे आणि घरी. तुमच्या वाट्याला एकच रात्र येते. शनिवारी दुपारी येणार, अंघोळ करून बीचवर, रात्री सुरमई (बांगडा म्हटलं की तोंड वाकडं), सकाळी घावणे खाऊन फेरी चुकेल म्हणून घाईत गाडीत. पाहुणा एक रात्र राहिला काय नि तीन रात्री राहिला काय, चादरी, अभ्रे, टॉवेल, बाथरूम घासणं सगळं तेवढंच, फक्त पैसे एका रात्रीचे. आणि त्या चादरी वाळूने भरलेल्या, हवा खारी आणि दमट, ऑक्टोबरात मधेच सर येते, दोरीवरचं अर्धं ओलं उचलून पडवीत टाका, पडवीत नवे पाहुणे बसलेले. सोमवार ते गुरुवार खोल्या रिकाम्या, त्यामुळे कामाला येणारी बाईपण टिकत नाही, तिचं तरी काय चुकतं. जवळच्या सड्यावरची (उघड्या कातळाच्या पठारावरची) कातळशिल्पं दाखवावीत, खाडीत फिरवून आणावं असं कितीही वाटलं तरी पाहुण्याकडे वेळच नसतो. मावसभावाला याचं काही वाटत नाही, त्याची माणसं ठरलेली आहेत. मला जमलं नाही.

सिंधुदुर्ग लांब आहे, आणि माझ्या मते तोच त्याचा फायदा आहे. मुंबईहून रात्रभर प्रवास करून कुडाळला किंवा सावंतवाडीला उतरलेला माणूस दुसऱ्या दिवशी परत जात नाही. एवढं लांब आलोय तर राहूया म्हणतो आणि सहसा तीन रात्री तरी राहतो, निदान आमच्याकडे तरी असंच दिसतं. त्यात कोल्हापूर-बेळगावचे लोक आंबोली घाट उतरून येतात. गोव्यातलं मोपा विमानतळ २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून वेंगुर्ल्याला विमानाने येणारेही दिसायला लागलेत, चिपीच्या, म्हणजे सिंधुदुर्गातल्याच विमानतळाच्या, भरवशावर मात्र प्लॅन करू नका.

तरी मालवण आणि वेंगुर्ला यात फरक आहे. मालवण-तारकर्ली-देवबागला गर्दी भरपूर, सिंधुदुर्ग किल्ला २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला, नाव तर आहेच. पण पाहुणा दारात पाऊल टाकल्याटाकल्या विचारतो, स्कुबा किती वाजता? मग तुमचं घर म्हणजे नुसती झोपायची जागा, आणि भाव तर शेजारी पाडतोच. पैसे मिळत असतील, मी नाही म्हणत नाही. वेंगुर्ल्याला हे कमी, त्यामुळे दुसऱ्या दिवशी काय हे तुम्हाला ठरवता येतं. मांडवी खाडीत बचतगटाच्या बायका कांदळवन सफारी करवतात, रेडीचा गणपती, सावंतवाडीत चितार आळीतली लाकडी खेळणी, थंडीत जत्रा सुरू झाल्या की रात्री दशावतार. पाहुणे बसतात, पहाटेपर्यंत बघतात, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपतात आणि वर एक रात्र वाढवतात. शेजारची काकू आता रोज हाक मारून विचारते, "पाहुणे इले काय रे?", कारण तिची आंबोळी आणि कोकम सरबत आमच्यामुळे खपतं.

कटकटी इथेही आहेत. २६ मे ते ३१ ऑगस्ट होड्या, वॉटर स्पोर्ट्स सगळं बंद, हे दोन्ही जिल्ह्यांना सारखंच, पण गुहागरला पावसातही देवाला येणारी माणसं असतात, आमच्याकडे शुकशुकाट. गणपतीत रेल्वेचं तिकीट मिळत नाही आणि कामाला माणूस मिळत नाही, प्रत्येकाच्या घरी गणपती. शिरोड्याहून पुढे गोवा लागूनच, त्यामुळे काही पाहुणे दिवसभर तिकडे खर्च करून रात्री फक्त वरण-भात मागतात. आणि रेवस-रेडी सागरी मार्गावरचे खाड्यांवरचे पूल सगळे झाले की एका रात्रीवाले इथवर पोचतीलच कदाचित.

पुण्यात नोकरी ठेवून शनिवार-रविवारपुरतं करायचं असेल, किंवा घरात पूजा-अभिषेकाच्या माणसांची ये-जा आधीपासून असेल, तर गुहागर घ्या, खरंच. तिथे राहून रोज करणार असाल तर मी वेंगुर्ला म्हणेन. फक्त जागा दिवाळीत बघून ठरवू नका, तेव्हा सगळ्या विहिरी भरलेल्या असतात. मे महिन्यात या, विहिरीत डोकावा, शेजाऱ्याला टँकर लागतो का विचारा आणि मगच टोकन द्या.