पुणे–गोवा चार्टर विमान: दहा महिने, अकरा ट्रिपा आणि सगळी बिलं माझ्या टेबलावर

आधीच सांगते, विमान माझं नाही, पैसेही माझे नाहीत. मी भोसरीतल्या एका कंपनीत अ‍ॅडमिन बघते. आमच्या साहेबांनी गोव्यात मांद्रे किनाऱ्याजवळ एका छोट्या रिसॉर्टमध्ये पार्टनरशिप घेतली आणि गेल्या ऑक्टोबरपासून या जुलैपर्यंत चार्टरने, म्हणजे अख्खं विमान भाड्याने घेऊन, अकरा वेळा जाणं झालं, कधी मीटिंगसाठी, कधी घरची मंडळी, एकदा जपानी कस्टमर. बुकिंग, पॅसेंजर लिस्ट, बिलं, भांडणं हे सगळं माझ्याकडे, आणि तीनदा सीट रिकामी होती म्हणून मी स्वतः पण जाऊन आले. नेटवर जे सापडतं ते सगळं शॅम्पेनचे ग्लास आणि गुबगुबीत सीटांचे फोटो, त्यामुळे म्हटलं खरं काय ते कोणीतरी लिहावं.

सगळ्यात आधी पैसे, कारण पहिला झटका तिथेच बसला. आम्ही बहुतेक वेळा किंग एअर बी२०० घेतलं, दोन पंख्यांचं टर्बोप्रॉप, आठ माणसं बसतात. रेट मिळाला तासाला १ लाख १० हजार. साहेबांनी लगेच मनातल्या मनात हिशोब केला, जायला एक तास यायला एक तास, म्हणजे सव्वादोन लाख, आठ जणांत वाईट काय आहे. बिल आलं ४ लाख ४४ हजार! मी दोनदा बेरीज करून पाहिली. चूक कुठेच नव्हती. विमान मुंबईत उभं असतं, ते आधी रिकामं पुण्याला येणार, तो अर्धा तास आपला. मग पुणे–गोवा ५५ मिनिटं, परत ५५, आणि आपल्याला सोडून ते रिकामं मुंबईला जाणार तो अर्धा तासही आपलाच. झाले २ तास ५० मिनिटं. वर लँडिंग, पार्किंग, हँडलिंग मिळून ६५ हजार आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे माणशी ५५ हजाराच्या वर. साध्या विमानाचं तिकीट चार-पाच हजारात मिळतं हे मी बोलले नाही, साहेबांनाही माहिती होतंच.

आणि हे तास मोजतात कसे तेही विचारून घ्या. चाकं जमिनीवरून उठली तेव्हापासून नाही, जागेवरून हललं तेव्हापासून ते परत जागेवर थांबेपर्यंत, त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. मुंबईत मोठ्या विमानांच्या मागे रांगेत वीस मिनिटं उभं राहिलं तर मीटर चालूच, आपल्या रिक्षाचं सिग्नलला पडतं तसंच, फक्त इथे मिनिटाला १८०० रुपये पडतात. एका बिलात मुंबई–पुणे ५० मिनिटं लागलेली होती, मी फोन करून विचारलं की वाटेत खंडाळ्याला थांबला होतात का, तर तिकडचा माणूस हसला पण पैसे काही कमी केले नाहीत.

मुक्काम असेल तर अजून मजा. शुक्रवारी जाऊन रविवारी यायचं तर दोन पर्याय. विमान तिथेच थांबवा, मग वेटिंग, पायलटांचं हॉटेल, पार्किंग आणि उडो न उडो रोजचे किमान दोन तास लावतात. नाहीतर ते रिकामं मुंबईला पाठवा आणि रविवारी परत रिकामं बोलवा, असं केलं की फ्लाइंगच पाच तासांवर जातं. आम्ही दोन्ही करून पाहिलं, फरक फार पडत नाही, पण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गोव्यात विमान उभं करायला जागाच मिळत नाही, सोडा आणि निघा, त्यामुळे तेव्हा पर्याय एकच उरतो आणि तो महागातलाच असतो.

आता वेळेचं. चार्टर घेणारा प्रत्येक माणूस म्हणतो की आपण म्हणू तेव्हा निघायचं. साहेब पण हेच म्हणायचे. प्रत्यक्षात पुण्याचं लोहगाव विमानतळ हवाई दलाचं, तिथे सुखोई उडत असताना आपण कोण. गोव्याचं दाबोळी विमानतळ नौदलाचं, सोमवार ते शुक्रवार सकाळी त्यांचा सराव म्हणून नागरी विमानं बंद. आणि मुंबईत गर्दीच्या तासांत छोट्या खासगी विमानांना परवानगीच नाही, म्हणजे आपल्याला न्यायला येणारं विमान तिकडेच अडकून. या तिघांच्या मधून जी फट मिळेल ती आपली वेळ. पहिल्या ट्रिपला मी आरामात सकाळी नऊची वेळ मागितली होती, ऑपरेटरकडचा डिस्पॅचवाला म्हणाला ताई, सव्वासातला निघा नाहीतर दीडला, मधलं काही होत नाही. साहेबांना हे सांगताना मला घाम फुटला होता. पाच लाख देऊन पहाटे साडेपाचला उठायचं!

पहिल्या वेळी अजून एक चूक केली, गोवा म्हणजे दाबोळी असं धरून चाललो. विमानाने तासाभरात पोचलो आणि तिथून मांद्रेला जायला जुवारी पूल, पणजी, म्हापसा करत दोन तास. तेव्हापासून मोपाच. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला, पेडणे तालुक्यातच आहे, मांद्रे, मोरजी, हरमल सगळं पाऊण तासाच्या आत, आणि नौदलाची भानगड नाही. तुमचं हॉटेल कोलवा, बाणावली, काणकोण बाजूला असेल तर मात्र दाबोळीच बरं, उगाच अख्खा गोवा उभा ओलांडू नका.

विमानाबद्दल. किंग एअर पाहून पोरं नाराज झाली, म्हणाली हे तर पंखावालं आहे, बाबा तुम्ही तर जेट म्हणालेलात. आत उंची ४ फूट ९ इंच, साहेब सहा फुटी, ते प्रत्येक वेळी देवळाच्या गाभाऱ्यात शिरल्यासारखे वाकून आत जातात. आवाज आहे. टॉयलेट म्हणजे मागे पडद्याआड एक सीट, झाकण उचललं की झालं, त्यामुळे सगळ्यांना निघण्याआधीच जाऊन या म्हणून सांगते, जपानी पाहुण्यांना हे कसं सांगायचं यावर आमच्या सेल्सवाल्याने अर्धा दिवस घालवला. हवाईसुंदरी वगैरे नसते, दोन पायलट आणि एका टोपलीत सँडविच, ज्यूस, चॉकलेट.

मग दोनदा हॉकर ८०० घेतलं, ते खरं जेट, आत जवळजवळ उभं राहता येतं, लेदर, शांतता, सगळं फोटोतल्यासारखं. तासाला दुप्पट रेट. आणि वाचले किती, तर दहा-बारा मिनिटं. पुणे–मोपा सरळ रेषेत सव्वातीनशे किलोमीटर आहे हो, जेट वर जाऊन जरा स्थिरावतंय तोवर उतरायची तयारी. दिल्लीला जायचं तर जेट घ्या, गोव्याला पंखावालंच ठीक आहे. पोरं रुसली तर रुसू देत.

सामान हा सगळ्यात कटकटीचा भाग. कडक सुटकेस मागच्या जागेत मावत नाही, कापडी बॅगा लागतात. आणि छोट्या विमानात वजनाचा खरंच हिशोब असतो, माणसांचंही वजन आधी कळवावं लागतं. तर दर ट्रिपच्या आदल्या दिवशी मी एकेकाला फोन करून वजन विचारते. साहेब सांगतात. पोरं सांगतात. साहेबांच्या काकूंना पहिल्यांदा विचारलं तर दोन मिनिटं फोनवर शांतता, मग म्हणाल्या, अगं तू लिही ना अंदाजे. मी म्हटलं काकू अंदाजे किती, तर म्हणाल्या ६२, आणि फोन ठेवला. मी काकूंना पाहिलेलं आहे.

मे महिन्यात आजी, म्हणजे साहेबांच्या आई, गेल्या होत्या. येताना मानकुराद आंब्याच्या दोन पेट्या, सोलांची पिशवी, आणि कोणीतरी प्रेमाने दिलेला बरका फणस, चौदा किलोचा, पिकलेला. पायलटने नम्रपणे सांगितलं की आजी, वजनात एकतर हे बसेल नाहीतर त्या दोन बॅगा. आजींनी एका सेकंदात बॅगा खाली ठेवल्या. बॅगा दुसऱ्या दिवशी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने आल्या आणि फणस विमानाने आला. त्या ट्रिपला मी होते. बंद केबिन, ५५ मिनिटं, बरका फणस. पुण्याला दार उघडल्यावर पहिला श्वास पायलटने घेतला.

पण खरं सांगायचं तर चार्टरचा सगळ्यात मोठा फायदा मला आजींमुळेच दिसला. वय ७८, दोन्ही गुडघे गेलेले. मोठ्या टर्मिनलवर व्हीलचेअरची वाट बघ, सिक्युरिटी, बस, परत वाट बघ, असं त्यांना होत नाही. इथे तपासणी होते, ओळखपत्र लागतंच, पण गाडीतून उतरल्यापासून विमानात बसेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं. अडचण एकच, विमानाच्या दाराच्या पायऱ्या अरुंद, पाच-सहाच आहेत पण उभ्या. पायलट खाली उतरून हात धरतो, दुसरा वरून. आजी वर पोचल्या की दर वेळी म्हणतात, पंढरपूरला पण असंच नेत जा म्हणावं.

आता तक्रारी. ऑपरेटरचं नाव लिहीत नाही. जानेवारीत आदल्या रात्री दहाला फोन, विमानात टेक्निकल प्रॉब्लेम आहे, उद्या येऊ शकत नाही. करारात लिहिलेलं असतं ‘समकक्ष विमान देण्याचा प्रयत्न करू’, त्यातला प्रयत्न हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचला. पाहुणे इनोव्हातून आंबोली घाटाने गेले. रिफंड सात आठवड्यांनी आला, तोही मी दर सोमवारी फोन करत होते म्हणून.

दुसरं जुलैमधलं. मोपा पठारावर आहे, पावसाळ्यात ढग पार खाली येऊन बसतात. मी नव्हते, पण साहेब सांगत होते, खाली खाली येतोय, आता रनवे दिसेल, दिसेल, आणि एकदम इंजिनांचा आवाज वाढून विमान वर. असं दोनदा. मग बेळगाव. सांबऱ्याला उतरले, तिथून टॅक्सी करून चोर्ला घाटातून धुक्यात मांद्रे, चार तास. जास्तीचं फ्लाइंग, बेळगावचं लँडिंग, सगळं आपल्याच बिलात, करारात तसंच आहे. यात पायलटचं काही चुकलं असं मी अजिबात म्हणणार नाही, उलट वर नेलं ते बरं केलं. माझं म्हणणं एवढंच, जून ते सप्टेंबर चार्टरवर महत्त्वाची मीटिंग लावू नका, आदल्या दिवशी जा.

पायलटांच्या ड्युटीला तासांची मर्यादा असते हेही आम्ही ठेच लागून शिकलो. एकदा मीटिंग लांबली, साडेपाचला कॅप्टनचा मला फोन, मॅडम, साडेसहापर्यंत निघालो नाही तर आमची ड्युटी संपते, मग मुक्काम इथेच. साहेबांना ड्रायव्हरला ‘थांब जरा’ म्हणायची सवय. इथे ते चालत नाही आणि चालू पण नये. सव्वासहाला पळत पळत पोचले.

एम्प्टी लेगचं आकर्षण सगळ्यांना असतं, रिकामं परत जाणारं विमान निम्म्याहून कमी दरात. एकदाच मिळालं, रविवारी संध्याकाळी मोपा–मुंबई, एकदम स्वस्तात. आणि मग रविवारी रात्री एक्स्प्रेसवेने मुंबईहून पुणे साडेचार तास. आमच्यातलं परत कोणी एम्प्टी लेगचं नाव काढलं नाही.

आणि एक गोष्ट मात्र गंभीरपणे. एका ब्रोकरने खूप कमी रेट दिला, म्हणाला एका उद्योगपतीचं घरचं विमान आहे, फक्त फ्युएलचे पैसे द्या. हे करू नका. भाड्याने प्रवासी न्यायचे तर ऑपरेटरकडे डीजीसीएचं, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचं, नॉन-शेड्युल्ड परमिट लागतं आणि ते विमान त्या परमिटवर असावं लागतं. खासगी वापरासाठी नोंदवलेलं विमान भाड्याने देता येत नाही, उद्या काही झालं तर इन्शुरन्सवाला पहिलं हेच विचारणार. डीजीसीएच्या वेबसाइटवर ऑपरेटरांची यादी आहे. मी आता व्हीटीने सुरू होणारा विमानाचा नंबर कोटेशनवरच लिहून मागते, जो द्यायला टाळाटाळ करतो त्याला पुढे फोनच करत नाही.

साहेबांनी आता स्वतःच ठरवलंय की चार माणसांपेक्षा कमी असतील तर साधं विमान, आणि त्यांना ते जमायला लागलंय, परवा मोपाला रांगेत उभं राहून वडापाव खाल्ला म्हणे. चार्टर फक्त आजी असतील तेव्हा किंवा सात-आठ जण सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचे असतील तेव्हा. पुढची ट्रिप दिवाळीनंतर आहे, आजी, काकू, सगळे. वजनाचा फोन आत्ताच करून झाला. काकू दहा महिन्यांनीही ६२ वरच आहेत. मी ६२ लिहिते आणि त्यांच्या बॅगेच्या रकान्यात गुपचूप पंधरा किलो वाढवते.