मायक्रोसॉफ्ट डिफेंडर: अँटिव्हायरस चांगला, अपडेटच्या सेटिंग मात्र शोधाव्या लागतात

विंडोजसोबत फुकट येणारा डिफेंडर घरच्या वापराला पुरतो का, असं अजूनही विचारलं जातं. पुरतो. २०१२ च्या विंडोज ८ पासून तो विंडोजमध्येच बसवलेला आहे, वेगळा इन्स्टॉल करावा लागत नाही, वर्षाच्या शेवटी ‘रिन्यू करा’ म्हणून मागे लागत नाही. पण कुठलाही अँटिव्हायरस त्याच्या ताज्या अपडेटइतकाच कामाचा असतो, आणि घरच्या इंटरनेटवर डिफेंडर नेमका तिथे अडखळतो. कंपनीच्या ऑफिसात हे बघायला माणूस नेमलेला असतो. घरात हॉटस्पॉट, केबलवाल्याचं ब्रॉडबँड आणि अर्धवट बंद केलेल्या सेटिंग यांची गाठ पडते. म्हणून हे परीक्षण व्हायरस पकडण्याबद्दल नाही, फक्त अपडेटबद्दल आहे.

आधी कुठे बघायचं ते. स्टार्टमध्ये विंडोज सिक्युरिटी उघडा, तिथून व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, आणि खाली प्रोटेक्शन अपडेट्स. या पानावर व्हर्जनचा आकडा, ते व्हर्जन कधी तयार झालं ती वेळ आणि शेवटचं अपडेट कधी झालं ती वेळ, अशा तीन गोष्टी दिसतात. मायक्रोसॉफ्ट दिवसातून अनेकदा नवी व्याख्या-फाइल (व्हायरस ओळखायच्या खुणांची यादी) काढतं, त्यामुळे रोज वापरातल्या कॉम्प्युटरवर ही तारीख कालची किंवा आजची हवी. टास्कबारवरच्या ढालीच्या हिरव्या खुणेवर विसंबू नका. अपडेट थांबल्यावरही ती काही दिवस तशीच हिरवी राहते. तारीख वाचायची सवय लावा.

तारीख जुनी असेल तर ‘चेक फॉर अपडेट्स’ दाबा. इथेच पहिला निकाल लागतो. बटण दाबल्यावर अपडेट नीट आलं, पण आपोआप येत नसेल, तर दोष बहुतेक मीटर्ड कनेक्शनचा, म्हणजे ‘इथे डेटा मोजका आहे’ असं विंडोजला सांगणाऱ्या सेटिंगचा असतो. डेटा वाचवायला वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये कुणीतरी ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू केलेलं असतं आणि मग ते विसरलं जातं. मीटर्ड जोडणीवर डिफेंडर स्वतःहून अपडेट उतरवत नाही, हीच त्याची मूळ सेटिंग आहे. माझ्या मते हा निर्णय चुकीचा आहे. रोजच्या रोज अपडेट घेतलं तर फक्त बदललेला भाग येतो, तो लहान असतो. महिनोन् महिने थांबवलं तर पूर्ण पॅकेज उतरवावं लागतं, आणि ते शंभर एमबीच्या वर जातं. वाचवायला गेलेला डेटा एका दिवसात परत जातो, आणि मधल्या काळात कॉम्प्युटर उघडा राहतो तो वेगळाच.

घरी अनलिमिटेड प्लॅन असेल तर मीटर्ड सरळ बंद करा: सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वाय-फाय, चालू नेटवर्कची प्रॉपर्टीज. ही सेटिंग प्रत्येक नेटवर्कला वेगळी असते, म्हणून घरच्या वाय-फायवर बंद केली तरी फोनच्या हॉटस्पॉटवर ती स्वतंत्रपणे बघावी लागते. हॉटस्पॉटवर मीटर्ड ठेवायचंच असेल, तर अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून पॉवरशेल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून ‘सेट-एमपीप्रेफरन्स’ या आज्ञेत ‘मीटर्डकनेक्शनअपडेट्स’ हा पर्याय ट्रू करा. मग विंडोजचे मोठे अपडेट थांबतात आणि डिफेंडरचे छोटे येत राहतात. इतकी गरजेची गोष्ट एका साध्या बटणाऐवजी काळ्या खिडकीत टाइप करायला लागावी, हे डिफेंडरचं सगळ्यात मोठं उणं.

बटण दाबूनही अपडेट येत नसेल, तर कॉम्प्युटर उघडून बसण्याआधी एक चाचणी करा. तोच लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटला जोडा आणि पुन्हा बटण दाबा. अपडेट आलं तर दोष राउटरमध्ये किंवा लाइनमध्ये आहे. नाही आलं तर कॉम्प्युटरमध्ये. या एका चाचणीने निम्मी शोधाशोध वाचते.

लाइनच्या बाजूची कारणं ठरलेली आहेत. बऱ्याच स्थानिक ब्रॉडबँडवर ब्राउझरमध्ये लॉगिन पान भरल्याशिवाय नेट सुरू होत नाही. पॅक संपला की सगळ्या विनंत्या रिचार्जच्या पानाकडे वळवल्या जातात. डिफेंडरला ते पान वाचता येत नाही, त्याला फक्त सर्व्हर सापडत नाही. मग ८००७२ईई७ (सर्व्हरचं नाव सापडलं नाही) किंवा ८००७२ईई२ (उत्तराची वाट बघून वेळ संपली) असा आकडा येतो. पडद्यावर त्याच्या आधी शून्य-एक्स लागलेलं असतं. पहिल्या आकड्यासाठी राउटरमधला डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर) बघा. जाहिराती किंवा ‘फॅमिली फिल्टर’ अडवणारा डीएनएस टाकला असेल, तर तो तात्पुरता काढून बघा.

दुसऱ्या आकड्यामागे कधीकधी एमटीयू (डेटाच्या एका तुकड्याचा, म्हणजे पॅकेटचा, जास्तीत जास्त आकार) असतो, आणि हे कारण फार कमी जणांना सुचतं. युजरनेम-पासवर्ड टाकून चालणाऱ्या पीपीपीओई जोडणीत प्रत्येक पॅकेटमधले ८ बाइट त्या जोडणीलाच लागतात, म्हणून मर्यादा १५०० ऐवजी १४९२ होते. राउटरमध्ये १५०० राहिले आणि राउटर स्वतः ते सांभाळून घेत नसेल, तर मजकुराची पानं उघडतात, पण मोठी फाइल मध्येच लटकते. तपासायला कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग या जोडणी तपासायच्या आज्ञेला एफ (तुकडे करू नका) आणि एल (आकार) हे पर्याय देऊन १४६४ बाइट पाठवा. हे गेलं आणि १४७२ अडलं, तर लाइनची मर्यादा १४९२ आहे. राउटरच्या वॅन (बाहेरच्या इंटरनेट जोडणीच्या) पानावर तोच आकडा भरा.

आता कॉम्प्युटरच्या बाजूला. इथे सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण म्हणजे बंद केलेली विंडोज अपडेट सर्व्हिस. ‘नेट खातं’ म्हणून कुणीतरी ती डिसेबल करून दिलेली असते, किंवा ‘पीसी फास्ट करा’ छापाच्या एखाद्या फुकट टूलने केलेली असते. डिफेंडरची व्याख्या-फाइल मुळात त्याच वाटेने येते. खूण म्हणजे ८००७०४२२ हा आकडा. सर्व्हिसेसच्या यादीत विंडोज अपडेट शोधा, स्टार्टअप टाइप मॅन्युअल करा, स्टार्ट दाबा. ऑटोमॅटिक करायची गरज नाही, विंडोज लागेल तेव्हा ती स्वतः जागी करतं. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यांनी ही सर्व्हिस बंद करून देणं सोडलं पाहिजे. गिऱ्हाइकाला त्या दिवशी बरं वाटतं, पण पुढचे कित्येक महिने तो जुन्या अपडेटवर बँकेचे व्यवहार करतो.

जुन्या डेस्कटॉपवर ८००७२एफ८एफ दिसला तर आधी घड्याळ बघा. अपडेट सुरक्षित जोडणीने येतं, त्या जोडणीचं प्रमाणपत्र ठरावीक तारखांमध्येच वैध असतं, आणि कॉम्प्युटरची तारीख काही वर्षं मागे गेली असेल तर विंडोज ते नाकारतं. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की मेन स्विच बंद केल्यावर तारीख मागे जाते. डेट अँड टाइममध्ये ‘सिंक नाउ’ दाबून आजचं काम भागतं. कायमचा इलाज म्हणजे प्लग काढून तो ३ व्होल्टचा सेल बदलणं. सेल जुना होता तसाच, छापील बाजू वर ठेवून बसवा. त्यानंतर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन तारीख एकदा नीट लावून घ्या.

८००७०६४३ म्हणजे फाइल उतरली, पण बसली नाही. अॅडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमधून प्रोग्राम फाइल्समधल्या विंडोज डिफेंडर फोल्डरमध्ये जा आणि ‘एमपीसीएमडीरन’ हा प्रोग्राम दोनदा चालवा. पहिल्यांदा ‘रिमूव्हडेफिनिशन्स’ आणि ‘डायनॅमिकसिग्नेचर्स’ हे पर्याय देऊन, म्हणजे साठवलेला जुना भाग निघतो. दुसऱ्यांदा ‘सिग्नेचरअपडेट’ देऊन. एवढ्यानेही जमलं नाही, तर मायक्रोसॉफ्टच्या सिक्युरिटी इंटेलिजन्स पानावरून पूर्ण फाइल हाताने उतरवा. ६४-बिट आणि ३२-बिटची फाइल वेगळी असते, सिस्टिमच्या माहितीत बघूनच निवडा. ही फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून पेनड्राइव्हने आणली तरी चालते.

लॅपटॉपसोबत आलेला दुसऱ्या कंपनीचा ट्रायल अँटिव्हायरस असेल तर डिफेंडर बाजूला होतो, हे ठरवूनच केलेलं आहे. विंडोज सिक्युरिटीच्या सेटिंग्जमध्ये ‘मॅनेज प्रोव्हायडर्स’ उघडलं की कुणाचं नाव लागलंय ते दिसतं. ट्रायल संपला असेल तर तो काढा. अनइन्स्टॉल करूनही नाव राहिलं, तर त्या कंपनीचं स्वतःचं रिमूव्हल टूल चालवून रीस्टार्ट करा.

घरात दोन-तीन कॉम्प्युटर असतील तर डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन नक्की बघा. विंडोज अपडेटच्या अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये ते असतं. ‘माझ्या लोकल नेटवर्कवरचे डिव्हाइस’ एवढंच निवडलं की एकाने उतरवलेलं दुसऱ्याला घरातल्या घरात मिळू शकतं. इंटरनेटवरच्या कॉम्प्युटरांचा पर्याय निवडलात, तर तुमची अपलोड लाइन अनोळखी लोकांसाठी वापरली जाऊ शकते. मोजक्या डेटाच्या प्लॅनवर तो नको.

या बाबतीत पुण्याच्या क्विक हील अँटिव्हायरसकडून मायक्रोसॉफ्टने शिकावं असं बरंच आहे. त्यात ऑटोमॅटिक अपडेटच्या एकाच पानावर अपडेट इंटरनेटवरून घ्यायचं की ठरलेल्या फोल्डरमधून उचलायचं ते निवडता येतं, आणि उतरवलेल्या फाइल दुसऱ्या जागी कॉपी करायची सोयही तिथेच आहे. नेट नसलेल्या दुकानातल्या बिलिंग कॉम्प्युटरला किंवा गावच्या घरी अधूनमधून चालू होणाऱ्या पीसीला हे फार सोयीचं पडतं. तिथे पैसे मोजून तो घेणं योग्य आहे. रोज नेटवर असणाऱ्या घरच्या लॅपटॉपला मात्र मी डिफेंडरच सुचवेन. संरक्षणाला पाचपैकी साडेचार, अपडेटच्या सेटिंगला अडीच.

विंडोज १० वर असलेल्यांसाठी एक महत्त्वाचं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण त्यावरच्या डिफेंडरला व्याख्या-अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहतील. वरच्या सगळ्या पायऱ्या तिथेही चालतात. फक्त डिफेंडरची तारीख आजची दिसली म्हणून विंडोजची भोकं बुजली असं समजू नका. ती बुजवणारे पॅच वेगळे असतात, आणि त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा योजनेत नाव नोंदवावं लागतं किंवा विंडोज ११ वर जावं लागतं.