डिस्प्ले स्टँडच्या नावाखाली ७८,४७१ रुपये गेले, कटलरीवाल्यांनी नक्की वाचा

लिहू की नको, लिहू की नको करत चार महिने घालवले. घरातले म्हणत होते, झालं ते झालं, आता चारचौघांत कशाला? पण परवा तासगावच्या एका ओळखीच्या दुकानदार बाईंचा फोन आला. त्यांच्याकडेही तसाच पांढरा स्टँड घेऊन कुणीतरी आलं होतं. कंपनीचं नाव वेगळं, माणूस वेगळा, स्टँड तोच. मग मात्र राहवलं नाही.

माझं सांगलीत मारुती रोडच्या आतल्या बाजूला कटलरीचं दुकान आहे. बांगड्या, टिकल्या, पिना, नेलपॉलिश, लिपस्टिक, थोडं इमिटेशन. अठरा वर्षं मीच चालवते. होलसेलवाला कुठे मारतो, कुठला माल पडून राहणार, हे मला हात लावला की कळतं. हे आधीच सांगते, कारण ऐकणारा प्रत्येक जण पहिलं तेच विचारतो, तुम्हाला कळलं कसं नाही?

ऑगस्ट २०२४ ची गोष्ट. ७ सप्टेंबरला गणपती होते, म्हणजे गौरीच्या खरेदीला जेमतेम तीन आठवडे. वर्षाचा निम्मा धंदा आमचा गौरी ते दिवाळी या काळात होतो. अशा ऐन वेळी तो माणूस आला. वय तिशीच्या आत, बोलायला अतिशय मऊ, प्रत्येक वाक्याला "ताई". पुण्याची कंपनी, नेलपॉलिश, लिपस्टिक, काजळ, हेअर क्लिप असा सगळा माल. स्टँड कंपनीचा, आत एलईडी लाइट. स्टँडचं डिपॉझिट १८,५०० रुपये, कधीही परत. पहिला माल ४७,८६० रुपयांचा. मार्जिन चाळीस टक्के. दुकानातली जागा वापरतो म्हणून महिन्याला १,५०० रुपये भाडं कंपनी देणार. विकला नाही तो माल परत घेणार.

यात मला वावगं वाटण्यासारखं काय होतं? कोल्ड्रिंकच्या कंपन्या फ्रीज देतात, आइस्क्रीमवाले डीप फ्रीजर देतात आणि त्यात दुसऱ्याचा माल ठेवू देत नाहीत, हे आपण गल्लोगल्ली बघतो. मला हे त्याच प्रकारातलं वाटलं. आणि दुसरं कारण सांगते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा माझं सगळं काचेचं फर्निचर पाण्यात होतं. प्लाय फुगून फुटला, काचा गाळात गेल्या. तेव्हापासून दुकानात जड काही करायचं नाही असं ठरवलेलं. हा स्टँड हलका होता, खाली चाकं होती. तो म्हणाला, "ताई, पाणी आलंच तर दोन माणसं उचलून माळ्यावर नेतील." सांगलीतल्या दुकानदाराला असं म्हटल्यावर तो नाही म्हणत नाही. हे त्यालाही पक्कं माहीत होतं.

शंभरच्या स्टॅम्पपेपरवर करार झाला. सहा पानं, बारीक अक्षर, सगळं इंग्रजीत. "सिक्युरिटी म्हणून" दोन कोरे चेक दिले, सही करून. हो, दिले. होलसेलच्या धंद्यात कोरे चेक सर्रास दिले जातात, कुणीही विचारा. पण देऊ नका. द्यायचाच झाला तर आकडा आणि कुणाच्या नावाने ते स्वतःच्या हाताने लिहा आणि चेकचा फोटो काढून ठेवा.

आता ती वेळ सांगते, जी आठवली की मला अजून रात्री झोप लागत नाही.

स्टँड बसवायला दोन पोरं आली होती. गाडीभाडं आणि फिटिंगचे १,४०० रुपये माझ्याकडूनच घेतले, लाइटचा पॉइंट काढायला आमच्या इलेक्ट्रिशियनने ६५० घेतले. स्टँड उभा राहिला, दिसायला फार सुंदर. खालच्या पाच ट्रेमध्ये नेलपॉलिशसाठी खाचा, पण गोल नाहीत, तिकोनी, आणि एका कोपऱ्याला बारीकसा दात. त्यांच्या बाटलीचं बूड तसंच तिकोनी आणि त्या दाताच्या जागी खोबण. बाटली खाली दाबून किंचित फिरवली की टक् आवाज होऊन बसायची. वरचे हूकही चपटे, किल्लीसारखे कापलेले. त्यांच्याच पाकिटाचं भोक त्या आकाराचं. आपल्या नेहमीच्या क्लिपच्या कार्डाचं भोक त्यात जायचंच नाही.

माझ्या हातात तेव्हा आमची रोजची तीस रुपयांची मरून नेलपॉलिश होती. सहज म्हणून मी ती एका खाचेत ठेवली. ती कलंडली. सरळ करून पुन्हा ठेवली, पुन्हा कलंडली आणि खालच्या ट्रेवर पडली. तो माणूस चटकन पुढे आला, बाटली उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "ताई, दुसरा डुप्लिकेट माल त्यात मिसळू नये म्हणून साचाच तसा केलाय. गिऱ्हाइकाला विश्वास वाटतो."

आणि मला ते पटलं! मी उलट शेजारच्या अण्णांना कौतुकाने सांगितलं, बघा, कंपनी किती काळजी घेते. अण्णांनी वाकून ती खाच पाहिली आणि एवढंच म्हणाले, "आन् ह्यांनी माल द्यायचा बंद केला तर ह्यात काय ठेवणार तुमी?" सत्तर वर्षांचा माणूस, किराणा दुकान, चौथीपर्यंत शिक्षण. त्यांना जे एका नजरेत दिसलं, ते मला दिसलं नाही. मी हसून विषय बदलला. कोल्ड्रिंकच्या फ्रीजमध्ये कंपनीने मना केलं तरी दुसरी बाटली उभी तरी राहते. इथे उभीच राहत नव्हती. तेवढा फरक त्या क्षणी माझ्या डोक्यात आला असता, तर त्याच गाडीत स्टँड परत गेला असता.

गौरीच्या आठवड्यात माल बरा खपला. सप्टेंबरचं भाडं १,५०० रुपये मोबाइलवर जमा झालं. हा पहिला आणि शेवटचा हप्ता. पण त्या १,५०० रुपयांमुळे माझा विश्वास बसला आणि दिवाळीसाठी मी ३१,२४० रुपयांची दुसरी ऑर्डर आगाऊ पैसे भरून दिली. तुमच्याकडेही पहिला हप्ता वेळेवर आला तर हुरळून जाऊ नका, तो तुमच्याच पैशातून आलेला असतो.

दुसरा माल आल्यावर गिऱ्हाइकं परत येऊ लागली. नेलपॉलिश घट्ट, तार धरते, दोन दिवसांत सोलते. एका कॉलेजच्या मुलीने बाटली उलटी करून मला दाखवली, "काकू, हिची मुदत तर संपत आली." बुडावर, म्हणजे खाचेत जो भाग जातो तिथे, तारीख छापलेली होती. फेब्रुवारी २०२५. बाहेरच्या खोक्यावर मात्र वेगळाच स्टिकर, त्यावर २०२६. मी त्या दिवशी रात्री दुकान बंद करून एकेक बाटली फिरवून काढली आणि उलटी करून पाहिली. दुसऱ्या मालातल्या सगळ्या बाटल्यांवर तीच तारीख. स्टँडमध्ये बाटली घट्ट बसली की तारीख कुणालाच दिसत नाही, ना गिऱ्हाइकाला, ना मला. तो साचा डुप्लिकेट माल बाहेर ठेवण्यासाठी नव्हताच.

सौंदर्यप्रसाधनाच्या प्रत्येक नगावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, वापरायची मुदत आणि उत्पादन परवान्याचा नंबर असावा लागतो. यांच्या बाटलीवर परवान्याच्या जागी नुसतं "एम" आणि पुढे पुसट ठिपके. माल घेताना एक नग उलटा करून बघायला दहा सेकंद लागतात, आणि मी बघितला नाही.

नोव्हेंबरपासून त्याचा फोन लागेना. माल परत न्या म्हटलं की दुसराच कुणीतरी "वरिष्ठांना कळवतो" म्हणायचा. नवीन माल येईना. स्टँड निम्मा रिकामा, दुकानाच्या ऐन दर्शनी भागात दात पडलेल्या तोंडासारखा. दुसरं काही त्यात ठेवता येईना. शेवटी डिसेंबरमध्ये आमच्या मिस्त्रींनी घरातला प्लायचा तुकडा कापून दोन ट्रेवर ठेवून दिला आणि मी त्यावर माझा रोजचा माल मांडला. खिळा मारला नाही की भोक पाडलं नाही. आठवड्याने एक मुलगा टिकल्या घेण्याच्या निमित्ताने आला, मोबाइलवर स्टँडचे फोटो काढून गेला. मला वाटलं बायकोला दाखवायला काढतोय.

जानेवारीत माझ्या कोऱ्या चेकवर ४०,००० रुपये लिहून तो बँकेत टाकला गेला. बँकेतल्या ओळखीच्या ताईंच्या सांगण्यावरून मी दोन्ही चेकांचं पेमेंट आधीच थांबवलं होतं (त्याचे २३६ रुपये गेले), म्हणून तेवढे वाचले. पण चेक परत गेल्यावर वकिलाची नोटीस आली, पंधरा दिवसांत पैसे भरा नाहीतर कलम १३८, म्हणजे चेक न वटल्याचा खटला. तेव्हा कुठे मी तो करार वकिलांकडे नेला आणि त्यांनी मला मराठीत वाचून दाखवला. स्टँड कायम ऐंशी टक्के कंपनीच्या मालाने भरलेला हवा, नाहीतर डिपॉझिट जप्त. दुसऱ्याचा माल मांडला तर ४०,००० रुपये नुकसानभरपाई. आता बघा, माल द्यायचा त्यांनीच बंद केला, म्हणजे स्टँड ऐंशी टक्के भरलेला राहणारच कसा? वकिलांनी नोटिशीला उत्तर दिलं, त्यांची फी ३,५००. त्यानंतर समोरून काही आलेलं नाही.

वकिलांनीच बिलावरचा जीएसटी नंबर पाहिला. पुण्याचा पत्ता आणि नंबर सुरू होतो ०७ ने. महाराष्ट्राचा नंबर २७ ने सुरू होतो, ०७ दिल्लीचा. जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकला तर नोंदणी रद्द झालेली. हे बघायला लॉगिनही लागत नाही, कुणीही बघू शकतं. आम्ही कंपोझिशनमध्ये (छोट्या दुकानदारांसाठीची जीएसटीची सोपी योजना) आहोत, खरेदीवरच्या टॅक्सची वजावट आम्हाला मिळत नाही, त्यामुळे आमच्या टॅक्सवाल्यांनी तो नंबर कधी ताळून पाहिला नव्हता. हे लोक छोट्या, कंपोझिशनवाल्या दुकानांतच का शिरतात ते आता कळलं.

मग सुरू झाले हेलपाटे. पोलीस ठाण्यात तीन वेळा गेले. पहिल्या वेळी साहेब बंदोबस्ताला गेलेले, दोन तास बाकड्यावर बसून परत आले. दुसऱ्या वेळी टेबलावरच्या हवालदारांनी करार उलटापालटा करून विचारलं, "सही तुमचीच हाय न्हवं? मग ह्यात आमी काय करायचं ताई, हे दिवाणी हाय." मी म्हटलं, खोटा जीएसटी नंबर, खोटी तारीख, हे दिवाणी कसं? सुरुवातीपासून खोटं सांगून पैसे काढले, यालाच फसवणूक म्हणतात. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, पूर्वीचं ४२०. तर म्हणाले, "कंपनी पुण्याची, तिकडं जावा." १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत स्पष्ट लिहिलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, खबर कुठल्याही ठाण्यात नोंदवून घ्यायची. माझी तर फसवणूकही इथेच, माझ्याच दुकानात झाली! हे मी वकिलांकडून कागदावर लिहून नेलं होतं. तो कागद त्यांनी वाचलाही नाही. तिसऱ्या वेळी तक्रार अर्ज घेतला, पोच द्यायला मात्र खळखळ केली. "चौकशी करून कळवतो." अजून कुणी काही कळवलेलं नाही. शेजारी मोबाइल हरवलेला एक मुलगा बसला होता, त्यालाही हेच वाक्य सांगितलं. बाई माणूस एकटी दुकान टाकून येते, गिऱ्हाईक परत जातं, त्याची कुणाला काही किंमत नाही.

ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या एका कार्यालयात गेले तर खिडकीवरच सांगितलं, तुम्ही व्यापारी, विकायला माल घेतला, तुम्ही ग्राहक नाही. कागद हातातही घेतले नाहीत. वकील म्हणतात, विकायला घेतलेल्या मालाचं कदाचित तसं असेल, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः राबून धंदा करणाऱ्याला २०१९ च्या ग्राहक कायद्यात जागा ठेवलेली आहे आणि स्टँडचं डिपॉझिट त्यात बसवता येईल. पाच लाखांपर्यंत फीसुद्धा नाही. मग खिडकीवरच्या माणसाने हे मला का सांगू नये? किती बायका त्या "नाही" वर घरी गेल्या असतील?

हिशेब मांडते, कारण लोकांना वाटतं मी फुगवून सांगते. डिपॉझिट १८,५००, माल ४७,८६० आणि ३१,२४०, गाडीभाडं-फिटिंग १,४००, लाइट ६५०, बँक २३६, वकील ३,५००. एकूण १,०३,३८६. विक्री आली २३,४१५, भाडं १,५००. गेले ७८,४७१. उरलेला मुदत संपलेला माल तीन खोक्यांत भरून माळ्यावर ठेवलाय. तो विकून पैसे काढा असा सल्ला दोघांनी दिला. मुलींच्या नखांना लागणारी वस्तू आहे ती, मी विकणार नाही.

विटा, ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर), तासगाव, मिरज, कुठेही असा स्टँड आला तर बसवणाऱ्यासमोरच दुकानातली दुसरी बाटली त्यात ठेवून बघा. ती उभी राहिली नाही, तर फिटिंग थांबवा. इंग्रजी करार असेल तर एक रात्र मागून घ्या. मोबाइलवरून पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, मी लाजेपायी वेळ घालवला आणि केलाच नाही.

गेल्या सोमवारी दुपारी दोन माणसं टेम्पो घेऊन आली होती. "मॅडम, कंपनीचा स्टँड न्यायला आलोय." वकिलांनी सांगितलंय, तो पुरावा आहे, हलू द्यायचा नाही. मी शटर निम्मं ओढून दारात उभी राहिले आणि सांगितलं, माझे १८,५०० आणि पोच घेऊन या, मग न्या. अण्णाही त्यांच्या गल्ल्यावरून उठून येऊन माझ्या शेजारी उभे राहिले. टेम्पोचा नंबर मी लिहून घेतलाय आणि पोलीस ठाण्यात चौथ्यांदा जाऊन दिलाय.