ऑर्ग-मोडची टेबलं आणि आईचा फराळाचा हिशोब: सात महिने वापरल्यावर

आधी सांगते की मी प्रोग्रामर वगैरे नाही, भाषांतराची कामं करते आणि ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये लिहायची सवय आहे एवढंच. आई घरून चकलीची भाजणी, चिवडा, शंकरपाळे असं करून देते, आणि तिचा हिशोब एका वहीत, अर्धा माझ्या फोनमध्ये आणि उरलेला तिच्या डोक्यात असायचा. गेल्या श्रावणात ठरवलं की हे सगळं एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये आणायचं. एक्सेल का नाही असं सगळ्यांनी विचारलं. कारण एकच, माझ्या बाकीच्या नोंदी ऑर्गमध्येच असतात, आणि हिशोबासाठी वेगळं दुकान उघडायचा मला कंटाळा आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ऑर्ग-मोड म्हणजे साध्या टेक्स्ट फाइलमध्ये नोंदी, याद्या आणि टेबलं ठेवायची ईमॅक्समधली सोय. कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ मध्ये सुरू केला, ईमॅक्समध्येच येतो. उभ्या रेघा टाकून टेबल काढायचं आणि खाली टीबीएलएफएम अशी एक ओळ, तिच्यात फॉर्म्युले. @ म्हणजे ओळ, $ म्हणजे रकाना, म्हणजे @२$३ हे दुसऱ्या ओळीतलं तिसरं घर. (इथे मी देवनागरी आकडे टाकतेय, फाइलमध्ये टाकू नका, हिशोब करणारं कॅल्क (ईमॅक्समधलाच कॅल्क्युलेटर) त्यांना आकडा मानतच नाही. आणि १,२५,००० असे स्वल्पविरामही नकोत, तिथे स्वल्पविराम म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी.)

मी तीन टेबलं केली. एकात मालाचे दर, दुसऱ्यात कृती म्हणजे कशात किती काय जातं, तिसऱ्यात ऑर्डरी. दर एकदाच लिहायचा आणि बाकी दोघांनी तो तिथून उचलायचा, त्यासाठी रिमोट नावाचं फंक्शन आहे: टेबलाच्या वर त्याला नाव द्यायचं आणि दुसऱ्या टेबलाच्या फॉर्म्युल्यात रिमोट(नाव, घर) लिहायचं. पहिल्यांदा हिशोब करायला कंट्रोल-सी कंट्रोल-सी दाबलं आणि दर टेबलातला तांदळाचा भाव कृतीच्या टेबलात उमटला तेव्हा मी खरंच आईला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "बरं, मग?"

पहिले दोन महिने मी चुकीच्या पद्धतीने वापरलं आणि मला कळलंही नाही. एक सोपी युक्ती आहे, @@# लिहिलं की "मी ज्या ओळीत आहे त्याच नंबरची ओळ तिकडून आण" असा अर्थ होतो. दोन्ही टेबलांत मालाचा क्रम सारखाच होता, त्यामुळे अख्खा रकाना एका फॉर्म्युल्यात भरला, मस्त. मग दिवाळीच्या आधी आई म्हणाली चिवड्यात शेंगदाणे राहिलेत, दर लिही, म्हणून मी दर टेबलात मधेच एक ओळ घातली. ज्या टेबलात ओळ घालतो त्याचे स्वतःचे फॉर्म्युले ऑर्ग नीट सरकवतो, पण दुसऱ्या टेबलातून इकडे बघणारे फॉर्म्युले कोण सरकवणार? कुणीच नाही. कृतीच्या टेबलात पोह्यांना शेंगदाण्यांचा भाव लागला, डाळ्यांना पोह्यांचा, सगळी रांग एकेक घर खाली. एरर वगैरे काही नाही, आकडे छान सुबक दिसत होते. आईनेच पकडलं, ती म्हणाली चिवडा एवढा महाग कसा, मी काय काजूचा करते का.

त्यानंतर रात्री बसून सगळं लुकअपवर नेलं. ऑर्ग-लुकअप-फर्स्ट म्हणून फंक्शन आहे, त्याला पदार्थाचं नाव द्यायचं, दर टेबलातला नावांचा रकाना आणि भावांचा रकाना द्यायचा, की ते नावावरून भाव शोधून आणतं, ओळ कुठेही गेली तरी. लिहायला फार त्रासदायक, लिस्पचे (ईमॅक्सची प्रोग्रामिंगची भाषा) कंस आणि अवतरणचिन्हं मोजून मोजून डोकं फिरतं, आणि त्यात गुणाकारही करायला गेले तर गोंधळच, म्हणून आता मी एका रकान्यात फक्त भाव आणते आणि शेजारच्या रकान्यात साधं $२*$३ करते. नाव मात्र दोन्हीकडे अक्षरशः तेच हवं. मी एकीकडे चणा डाळ आणि एकीकडे हरभरा डाळ लिहून वीस मिनिटं घालवलीत.

दुसरा दणका भागाकाराचा. भाजणीचा हिशोब: तांदूळ १ किलो ५० रुपये, हरभरा डाळ अर्धा किलो ४५, उडीद डाळ पावशेर ३०, मूग डाळ १२५ ग्रॅम १३.७५, एकूण १३८.७५ रुपये आणि वजन १.८७५ किलो (धणे-जिरं आणि दळण वेगळं धरलंय). म्हणजे किलोला ७४, अर्ध्या किलोच्या पाकिटाला ३७. मी लिहिलं खर्च / वजन * ०.५ आणि आलं १४८! कॅल्कमध्ये गुणाकार भागाकाराच्या आधी होतो, म्हणजे तो आधी वजन गुणिले अर्धा करतो आणि मग भागतो. हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे, पण ते वाचतं कोण. तेव्हापासून भागाकार दिसला की कंस टाकतेच.

तिसरी गोष्ट म्हणजे आपोआप काही होत नाही. दर बदलला तरी दुसरं टेबल तुम्ही सांगेपर्यंत जुनंच दाखवतं, आणि सगळी टेबलं एकदम हिशोबायची कमांड दिली तरी ती वरून खाली जाते. माझं ऑर्डरींचं टेबल सगळ्यात वर होतं, कारण रोज तेच बघायचं असतं, त्यामुळे ते नेहमी एक पाऊल मागे. यावर इटरेट नावाची कमांड आहे, ती आकडे बदलायचे थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा फिरते, दहा वेळांपर्यंत. मी सरळ दर वर आणि ऑर्डरी खाली नेल्या, त्याने भागतं.

चुका शोधायला कंट्रोल-सी आणि महिरपी कंस हे सगळ्यात कामाचं. बंद होणारा कंस दाबला की टेबलावर ओळी-रकान्यांचे नंबर दिसतात, उघडणारा दाबला की हिशोब पायरीपायरीने दाखवतो. हे मला पहिल्या दिवशी कुणीतरी सांगायला हवं होतं.

मराठीत टेबल करणाऱ्यांना एक वेगळी डोकेदुखी: काना, मात्रा, जोडाक्षरं यांची रुंदी इंग्रजी अक्षरांसारखी ठरलेली नसते, त्यामुळे उभ्या रेघा वाकड्यातिकड्या दिसतात. हिशोबाला फरक पडत नाही पण डोळ्यांना पडतो. व्हीअलाइन नावाचं पॅकेज पिक्सेल मोजून रेघा जुळवतं, मी तेच वापरते, मोठ्या फाइलमध्ये जरा अडखळतं.

आवडलेलं पण सांगते. फाइल गिटमध्ये (फाइलमधला प्रत्येक बदल जपून ठेवणारा प्रोग्राम) आहे, त्यामुळे दिवाळीत उडीद डाळ कधी आणि कितीने वाढवली ते एका ओळीत दिसतं (रकाना रुंद झाला की सगळ्याच ओळी बदलल्यासारख्या दिसतात, तेव्हा स्पेस न धरता फरक बघायचा). फॉर्म्युले घरांच्या आत लपलेले नसून टेबलाखाली उघड्यावर असतात, म्हणून ती शेंगदाण्यांची भानगड झाल्यावर कुठे काय बघतंय ते मला वाचता तरी आलं. माझ्या फोनवर मात्र फाइल नुसती वाचता येते, हिशोब होत नाही, म्हणून बाजारात आईबरोबर असताना मी अजून नेहमीचा कॅल्क्युलेटरच काढते.

घ्यावं का? ईमॅक्स आधीच वापरत असाल तर हो. फक्त या टेबलांसाठी ईमॅक्स शिकणार असाल तर नका शिकू, एक्सेल बरं.

सध्या चौथं टेबल चाललंय, उन्हाळी वाळवणाचं. कुरडया आणि पापड वाळल्यावर वजन घटतं, म्हणजे खर्च ओल्या मालाचा आणि भाव सुक्याचा. आईला विचारलं किती घटतं, तर म्हणाली ऊन असेल तसं. ते कोणत्या रकान्यात टाकायचं ते अजून ठरत नाहीये.