ब्लॅक पाईन: बावीसशे रुपयांचं झाड की तांबड्या मातीचा गोळा?

विकत आणलेला पाईन मेला म्हणून तक्रार केली, तर नर्सरीवाल्याचं उत्तर ठरलेलं: "ताई, तुम्ही नेलं तेव्हा हिरवंगार होतं ना?" होतं की. पण पाईन मेल्यावरही हिरवाच राहतो! जास्वंदीला पाणी कमी पडलं की ती दुपारी माना टाकते, तांब्याभर ओतलं की संध्याकाळी पुन्हा ताठ. पाईनची मुळं आत कुजून गेली तरी सुया (म्हणजे त्याची सुईसारखी पानं) कित्येक आठवडे तशाच कडक. त्या तपकिरी व्हायला लागतात तोवर कारभार आटोपलेला असतो, आणि बदलून द्यायची मुदतही.

गेल्या जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या प्रदर्शनात पाईनची बोन्साय बघून भुलले आणि दुसरीकडून दोन बुटके जपानी ब्लॅक पाईन आणले, प्रत्येकी बावीसशे. म्युगो (पाईनचीच दुसरी बुटकी जात) मुद्दाम टाळला; तो आल्प्सकडच्या उंच डोंगरांतला, आपली पुण्याची थंडी त्याला पुरायची नाही. ब्लॅक पाईन जपानच्या किनाऱ्यावरचा, ऊन-वारा खाल्लेला. कोथरूडच्या गच्चीवर एप्रिल-मे दोघांनी हसत काढला.

एकाला मारलं पावसाने. खरं तर मातीने. कुंडी उपडी केली तर मधोमध नर्सरीची तांबडी चिकणमाती, पिशवीच्या आकारात, जशीच्या तशी. दाबली तर पाणी निथळलं. मुळाला हात लावला तर वरची साल मोज्यासारखी निघून आली, आत नुसती तार. भोवती मी घातलेला मुरूम कोरडा ठणठणीत! म्हणजे कुंडीचं भोक, खालच्या खापऱ्या, सगळं व्यवस्थित असून उपयोग शून्य.

दुसऱ्याची पिशवी येतानाच रिक्षात फाटली होती आणि निम्मी माती तिथेच सांडली (रिक्षावाल्याची बोलणी वेगळी). त्यामुळे त्याला चाळलेला मुरूम, विटांचे बारीक तुकडे आणि थोडं शेणखत मिळालं. तो वाचला.

इथवर लिहून ठेवलं होतं आणि एक तारा द्यायचा ठरलं होतं. पण फेब्रुवारीत या वाचलेल्याच्या प्रत्येक टोकावर पांढुरके, उभे कोंब आले, आणि राग निम्म्यावर आला. ते लांबत असताना, सुया सुटण्याआधी, अर्धे चिमटीने खुडायचे. झाड बुटकं आणि दाट राहतं. ड्युरांटाच्या कुंपणासारखी कात्री मात्र चालवू नका. सुया नसलेल्या जुन्या फांदीवर सहसा पुन्हा फूट येत नाही.

आतल्या बाजूच्या जुन्या सुया पिवळ्या पडून गळतात, त्याला घाबरू नका. शेंडा हिरवा असूनही शंका आली तर खोडाची साल नखाने किंचित खरवडा. खाली ओलं हिरवं दिसलं तर जीव आहे. मुळांवर पांढरी जाळीदार बुरशी दिसली तर धुऊ नका, ती सहसा झाडाच्या कामाची असते.

तीन तारे झाडाला. विक्रेत्याला शून्य, कारण दुसरं घ्यायला गेले तेव्हा "पैसे देण्याआधी पिशवी फाडून मुळं दाखवा" म्हटल्यावर त्याने चक्क पाठ फिरवली. हडपसर, मांजरी, उरुळी कांचन, कुठेही मुळं दाखवणारा कुणी असेल तर कळवा. बावीसशेच्या वर एक रुपया देणार नाही.