पहिला माणूस दिल्लीत की वरळीत? उपकरण कंपनीच्या शासकीय संपर्कप्रमुखाची नेमणूक ठरवताना

मध्यम आकाराची एखादी भारतीय वैद्यकीय उपकरण कंपनी शासकीय संपर्काचा पहिला वरिष्ठ माणूस नेमायला निघते, तेव्हा जाहिरातीत ‘धोरण, किंमत आणि परतावा’ असे तीन शब्द एका दमात लिहिले जातात. यांतील किंमत आणि परतावा ही दोन अगदी निराळी कामे आहेत. उपकरण जास्तीत जास्त किती रुपयांना विकता येईल, हा प्रश्न दिल्लीत राष्ट्रीय औषध किंमत नियामक प्राधिकरण, म्हणजे एनपीपीए, सोडवते. ते उपकरण वापरल्यावर रुग्णालयाच्या हाती काय उरेल, हे मात्र आयुष्मान भारत आणि राज्यांच्या आरोग्य योजनांच्या पॅकेज दरांवर, म्हणजे एका उपचारासाठी रुग्णालयाला मिळणाऱ्या ठरावीक रकमेवर ठरते, आणि महाराष्ट्रापुरते त्या कामाचे ठिकाण म्हणजे वरळीतील राज्य आरोग्य हमी सोसायटी. एकाच व्यक्तीकडून दोन्हीची अपेक्षा ठेवता येते. पण पहिली दोन वर्षे तिने कुठे घालवायची, हे नेमणुकीआधीच ठरलेले बरे.

दिल्लीच्या बाजूचे सर्वांत बोलके उदाहरण हृदयाच्या स्टेंटचे आहे. दिल्ली उच्च न्यायालयातील जनहित याचिकेनंतर जुलै २०१६मध्ये स्टेंट अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आले आणि १३ फेब्रुवारी २०१७ रोजी एनपीपीएने कमाल किंमत जाहीर केली : साध्या धातूच्या स्टेंटला ७,२६० रुपये आणि औषधवेष्टित स्टेंटला २९,६०० रुपये. दर दुसऱ्याच दिवशी लागू झाले. नव्या पिढीच्या स्टेंटसाठी वेगळा वर्ग करावा, ही काही कंपन्यांची मागणी २०१८च्या फेरआढाव्यातही मान्य झाली नाही. उलट औषधवेष्टित स्टेंटची मर्यादा २७,८९० रुपयांवर आली. दरम्यान ऑगस्ट २०१७मध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांनाही मर्यादा लागली, आणि ती यादीत नाव नसताना, औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३च्या परिच्छेद १९मधील सार्वजनिक हिताच्या अधिकाराखाली. ‘आमचे उपकरण यादीत नाही, म्हणून आम्ही सुरक्षित आहोत’ हे समाधान तेव्हापासून कोणत्याही संचालक मंडळाला परवडणारे नाही.

१ एप्रिल २०२०पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे कायद्याच्या दृष्टीने ‘औषध’ ठरली आहेत, त्यामुळे यादीबाहेरच्या उपकरणाची छापील किंमतही वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही. यादीतल्यांची वाढ घाऊक किंमत निर्देशांकाला बांधलेली असते, आणि तो किती लहरी असू शकतो हे पाहायचे तर २०२३मध्ये ही वाढ १२.१२ टक्के होती, २०२५मध्ये १.७४ टक्के. आदेशाविरुद्ध फेरविचाराचा अर्ज करायला फक्त पंधरा दिवस मिळतात. आयात खर्च, उत्पादन खर्च आणि वितरकाचा नफा यांचे आकडे ज्या कंपनीत तयार नसतात, तिचे हे पंधरा दिवस आकडे जमवण्यातच संपतात.

तरीही दिल्लीतील काम बऱ्याच अंशी सामूहिक असते, ही गोष्ट नेमणूक करताना हमखास विसरली जाते. देशी उत्पादकांची एक संघटना आहे, बहुराष्ट्रीय कंपन्यांची दुसरी, आणि आयात शुल्काच्या प्रश्नावर दोघींची तोंडे दोन दिशांना असतात. लहान कंपनीचा आवाज बहुतेक वेळा संघटनेच्या निवेदनातील एखाद्या परिच्छेदाइतकाच उरतो. त्यासाठी पूर्ण वेळ वरिष्ठ माणूस लागतोच असे नाही. संघटनेचे सदस्यत्व, किंमत नियंत्रण जाणणारा वकील आणि आकडे अद्ययावत ठेवणारा लेखापाल एवढ्यावर अनेकांचे काम भागू शकते.

पॅकेजचे काम असे संघटनेवर सोपवता येत नाही. आयुष्मान भारतच्या २०२२च्या पॅकेज यादीत १,९४९ प्रक्रिया आहेत आणि राज्यांना आपल्या गरजेनुसार त्यांत फेरफार करण्याची मुभा आहे. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०२०पासून आयुष्मान भारतशी जोडून राबवली जाते, आणि २०२३च्या शासन निर्णयाने तिच्यातील संरक्षण प्रतिकुटुंब पाच लाख रुपये व उपचारांची संख्या १,३५६ झाली. स्टेंटसारख्या काही इम्प्लांटची रक्कम यादीत वेगळी दाखवलेली असते. बाकी असंख्य उपकरणे मात्र पॅकेजच्या पोटात असतात, म्हणजेच रुग्णालयाच्या हिशेबात ती निव्वळ खर्च असतात.

समजा, एका शस्त्रक्रियेचे पॅकेज ५०,००० रुपयांचे आहे, सध्याचे साहित्य ८,००० रुपयांत येते आणि तुमचे नवे उपकरण १४,००० रुपयांचे असून रुग्ण दोन दिवस आधी घरी जातो. ही दोन दिवसांची बचत योजनेच्या तिजोरीत जात नाही, कारण योजना पॅकेजची ठरलेली रक्कमच देणार आहे. बचत होते रुग्णालयाची, आणि तीही मोकळी झालेली खाट लगेच भरली तरच. म्हणून गजबजलेल्या शहरी रुग्णालयापुढे खाटांचा हिशेब मांडावा लागतो, निम्म्या खाटा रिकाम्या असलेल्या तालुक्याच्या अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयात तोच हिशेब निरर्थक ठरतो, आणि योजनेच्या अधिकाऱ्यापुढे तर पुन्हा दाखल होणाऱ्या रुग्णांची घट किंवा टळलेली दुसरी शस्त्रक्रिया याच भाषेत बोलावे लागते. एकाच उपकरणाची ही तीन गणिते ज्याला मांडता येत नाहीत, त्याच्या मंत्रालयातल्या ओळखी कितीही दांडग्या असोत, पॅकेजमध्ये ओळ वाढणार नाही.

या बाजूला पुराव्याचे वजनही निराळे आहे. आरोग्य संशोधन विभागाच्या छत्राखाली २०१७पासून काम करणारी एचटीएआयएन ही आरोग्य तंत्रज्ञानाचे मूल्यमापन करणारी यंत्रणा खर्च आणि मिळणारे आरोग्य यांची तुलना करते. मोतीबिंदूची भिंगे आणि सुरक्षित सिरिंज हे तिच्या सुरुवातीच्या अभ्यासांचे विषय होते. परदेशी रुग्णांवरचा अभ्यास तिथे उपयोगी पडतो, पण खर्चाचे आकडे भारतीय रुग्णालयांतलेच लागतात. ते गोळा करायला वर्ष सहज जाते, आणि तेवढा काळ विक्रीचा आकडा न विचारता थांबण्याची तयारी व्यवस्थापनाची असायला हवी. माझ्या पाहण्यात ही तयारीच सर्वांत दुर्मीळ आहे.

मुख्यालय अमेरिकेत असलेल्या कंपन्या तिकडचा साचा इथे आणतात, तेव्हा गडबड होते. मेडिकेअरमध्ये, म्हणजे तिथल्या ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यात, संकेतांक, संरक्षण आणि रक्कम अशा तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. आंतररुग्ण (दाखल रुग्णांच्या) दरांचा मसुदा वसंतात येतो, त्यावर साठ दिवस हरकती घेता येतात, अंतिम नियम ऑगस्टच्या सुमारास निघतो आणि १ ऑक्टोबरपासून लागू होतो. आपल्याकडे पॅकेज फेरआढाव्याला असे पक्के वेळापत्रक नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस योजनेचे दर ऑक्टोबर २०२५मध्ये व्यापक प्रमाणावर सुधारले गेले, तेही दशकभराच्या प्रतीक्षेनंतर. खिडकी उघडेल तेव्हा कागद तयार असणे, हीच इथली कार्यपद्धती.

खासगी विम्याची तिसरी वाट थोडक्यात सांगतो. विमा नियामकाने २०१९मध्ये रोबोटिक शस्त्रक्रियेसह बारा आधुनिक उपचारपद्धतींना संरक्षण देणे बंधनकारक केले, पण उपमर्यादा घालण्याची मोकळीक ठेवली. तुमचे उपकरण त्या बारांपैकी एखाद्या पद्धतीत मोडत असेल तर टीपीए (विमा कंपन्यांसाठी दावे हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्था) आणि विमा कंपन्यांशी बोलणी करण्यात अर्थ आहे. अन्यथा पहिल्या नेमणुकीत हे काम घालू नये.

माझे मत असे : उपकरण कमाल किमतीच्या यादीत असेल किंवा स्टेंट-सांध्यांप्रमाणे रुग्णाच्या बिलात ठळक दिसत असेल, तर पहिला माणूस दिल्लीत बसवावा. ते पॅकेजच्या पोटात दडलेले असेल, आणि पुण्या-अहमदाबादच्या बहुतेक नव्या कंपन्यांची उपकरणे तशीच असतात, तर पहिला माणूस पॅकेजसाठी घ्यावा. दिल्लीसाठी तो निवृत्त अधिकारी किंवा वकील असला तरी चालतो. पॅकेजसाठी मात्र रुग्णालयाच्या दाव्यांचे टेबल सांभाळलेला, उपचाराआधी योजनेकडून घ्यायची पूर्वमान्यता का नाकारली जाते हे अनुभवाने जाणणारा माणूस शोधावा, मग त्याचे व्हिजिटिंग कार्ड साधे असले तरी हरकत नाही.

एक अट दोन्ही बाजूंना सारखी लावावी. अमेरिकेत १९९५च्या कायद्यानुसार लॉबिंगचा, म्हणजे सरकारी निर्णयांवर प्रभाव टाकण्याच्या कामाचा, तिमाही अहवाल द्यावा लागतो, आपल्याकडे तसा कायदा नाही. पण भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील २०१८च्या दुरुस्तीनंतर लाच देणारी व्यापारी संस्थाही दोषी ठरू शकते, आणि २०२४च्या विपणन संहितेने डॉक्टरांवरील खर्चाला चौकट घातली आहे. पॅकेज समित्यांत डॉक्टरांच्या मताला वजन असते, त्यामुळे ही चौकट ओलांडण्याचा मोह वरळीच्या कामातच अधिक. प्रत्येक सरकारी भेटीची तारीख, विषय आणि दिलेला कागद यांची नोंद ठेवण्याची अट नेमणूकपत्रातच घालावी, आणि त्या अटीवर उमेदवार कुरकुरला तर दुसऱ्या नावाकडे वळावे.