निकालाच्या दिवशी टीव्ही लावायचा की आयोगाची साइट उघडायची?

लोकसभेचा निकाल जवळ आला की ओळखीतलं कुणी ना कुणी हे विचारतंच, की टीव्हीसमोर बसू का सरळ निवडणूक आयोगाच्या रिझल्ट्सच्या साइटवर आकडे बघू. मी दोन्ही करून बघितलंय. ४ जून २०२४ ला तर समोर टीव्ही आणि हातात मोबाईल असं दिवसभर चालू होतं, आणि पुढे सरकार बनून खातेवाटप होईपर्यंतही दोन्ही सोडलं नाही. प्रत्येकाची गरज वेगळी असते, त्यामुळे माझंच बरोबर असं नाही, पण ज्याला ठरवायचंय त्याच्यासाठी लिहितो.

आधी वेगाचं बोलू कारण टीव्हीची खरी जमेची बाजू तीच आहे. आठला टपाली मतं उघडतात, अर्ध्या तासाने मशीनची मोजणी सुरू होते, आणि नऊ वाजत नाहीत तोच टीव्हीवर देशभरातले कल धो धो पडायला लागतात तेव्हा साइटवर अजून मोजक्याच जागा दिसत असतात. त्याला कारण आहे, साइटवरचा आकडा फेरी पूर्ण होऊन निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडून भरला गेल्यावरच चढतो, आणि टीव्हीला तो मोजणी केंद्रावरच्या आपल्या माणसांकडून, उमेदवारांच्या प्रतिनिधींकडून आधीच कळलेला असतो. यावरून वादही झालाय, ऑक्टोबर २०२४ मध्ये हरियाणाच्या निकालाच्या दिवशी काँग्रेसने साइटवर आकडे उशिरा येतात अशी तक्रार केली होती आणि आयोगाने ती फेटाळली होती. मला विचाराल तर हा उशीर फारसा टोचत नाही, पण ज्याला सकाळी दहापर्यंत हवा कुठे वाहतेय एवढंच कळायला हवं त्याने टीव्ही लावावा, त्यात चूक काही नाही.

माझं मत फिरलं ते एका गोष्टीवरून. टीव्हीवर अमुक आघाडीवर, तमुक पिछाडीवर एवढंच येतं, पण कितव्या फेरीनंतर हे येत नाही! मला हे इतकं खटकतं की बाकी सगळं चांगलं असूनही तिथेच माझा पाय मागे येतो. दोन हजारांची आघाडी वीसपैकी तिसऱ्या फेरीनंतर असेल तर तिला काहीच अर्थ नाही आणि एकोणिसाव्या फेरीनंतर असेल तर निकाल जवळपास लागलाय, आणि पट्टीवर दोन्ही सारखंच दिसतं. साइटवर प्रत्येक मतदारसंघापुढे किती फेऱ्यांपैकी कितवी झाली ते लिहिलेलं असतं. वाराणसीचं आठवत असेल, सकाळी पंतप्रधान मोदी सहा हजारांहून जास्त मतांनी मागे अशी बातमी आली आणि एकच गलका झाला. आकडा खरा होता, पण तो अगदी सुरुवातीच्या फेरीचा होता, शेवटी ते १,५२,५१३ मतांनी निवडून आले. फेरी समोर दिसत असली की माणूस उगाच हुरळून पण जात नाही आणि हबकून पण जात नाही.

आणि फेरीचं अजून एक आहे जे टीव्हीवर बोललंच जात नाही. लोकसभेच्या एका मतदारसंघात आपल्याकडे सहा विधानसभा येतात, मोजणी त्यांची वेगवेगळी पण एकाच वेळी चालते, साधारण चौदा टेबलं धरून, म्हणजे एका फेरीत चौदा बूथची मशीनं. मग ज्या विधानसभेत बूथ कमी तिच्या फेऱ्या लवकर संपतात आणि शेवटच्या फेऱ्या उरतात त्या फक्त जास्त बूथवाल्या भागातल्या, त्यामुळे शेवटी शेवटी आघाडी एकदम एका बाजूला झुकू शकते. बीडला त्या रात्री पंकजा मुंडे पुढे की बजरंग सोनवणे पुढे यावर उशिरापर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला होता आणि शेवटी सोनवणे ६,५५३ मतांनी आले. अशा वेळी किती फेऱ्या राहिल्यात हे माहीत असणं म्हणजे काय ते ज्याने ती रात्र जागून काढली त्याला विचारा.

मुंबई उत्तर पश्चिम तर त्याहून वरचं. त्या संध्याकाळी अमोल कीर्तिकर जिंकले अशा बातम्यासुद्धा येऊन गेल्या होत्या आणि मग रवींद्र वायकर ४८ मतांनी विजयी जाहीर झाले. साइटवर उमेदवाराचं पान उघडलं की मशीनची मतं आणि टपाली मतं असे वेगळे रकाने असतात, तिथे सगळं समोर दिसतं, मशीनच्या मतांत कीर्तिकर बरोब्बर एका मताने पुढे आणि टपालीत वायकर ४९ ने पुढे. त्या निकालावर वाद झाला, कोर्टातही गेला, तो मुद्दा वेगळा, पण वाद कशावरून आहे हे समजायला त्या दोन रकान्यांइतकं दुसरं काही कामाला आलं नाही.

त्याच पानावर पडलेल्या उमेदवारांची पूर्ण यादीही असते, खालपर्यंत, नोटासकट. टीव्ही पहिल्या दोघांपाशी थांबतो. दिंडोरीला शरद पवारांच्या पक्षाचे भास्कर भगरे लाखाच्या वर मतांनी आले, पण खाली बघितलं तर भगरे आडनावाच्याच एका अपक्षाला १,०३,६३२ मतं! त्याचं चिन्ह पिपाणी आणि यांचं तुतारी वाजवणारा माणूस. साताऱ्यात भाजपचे उदयनराजे शरद पवारांच्याच पक्षाच्या उमेदवारापुढे ३२,७७१ ने आले आणि तिथे पिपाणीवाल्या अपक्षाला ३७,०६२. ही सगळी मतं चुकूनच गेली असं मी म्हणणार नाही, पण हे दोन आकडे एकाखाली एक बघितल्यावर साताऱ्याचा निकाल वेगळाच दिसायला लागतो.

आता सरकारचं. इथे साइटची एक उणीव आहे असं लोक म्हणतात आणि ते खरंय, साइट पक्ष दाखवते, युती-आघाडी दाखवत नाही. एनडीए, म्हणजे भाजप आणि मित्रपक्ष मिळून, २९३ हे तिथे कुठेच लिहिलेलं नसतं, बेरीज आपणच करायची. महाराष्ट्रातही काँग्रेस १३, भाजप ९, ठाकरेंची शिवसेना ९, शरद पवारांची राष्ट्रवादी ८, शिंदेंची शिवसेना ७, अजित पवारांची राष्ट्रवादी १ आणि काँग्रेसला पाठिंबा दिलेले सांगलीचे विशाल पाटील अपक्ष म्हणून वेगळे, त्यामुळे महाविकास आघाडीचे तीस म्हणायचे की एकतीस हे ज्याचं त्याने ठरवायचं. टीव्हीवर दोन रंगांच्या दोन पट्ट्या असतात आणि काम सोपं होतं, मान्य.

पण मला ती बेरीज करायला लागली हेच बरं झालं. कारण २०२४ ची खरी गोष्ट २९३ मध्ये नव्हतीच, ती २४० मध्ये होती. २०१४ ला भाजप एकटा २८२, २०१९ ला ३०३, आणि आता बहुमताच्या २७२ ला ३२ कमी. कागदावर मांडून बघा. चंद्राबाबूंचा तेलुगू देसम १६, नितीशकुमारांचा जदयू १२. एकटे चंद्राबाबू बाहेर पडले तरी २७७ उरतात, एकटे नितीशकुमार गेले तरी २८१ उरतात, सरकार पडत नाही. दोघं मिळून गेले तर मात्र २६५. टीव्हीवर तेव्हा दोघांनाही वेगवेगळं किंगमेकर म्हणत होते, लोकसभा अध्यक्षपद तेलुगू देसमला, रेल्वे जदयूला अशी चर्चा रात्रंदिवस, आणि ही साधी वजाबाकी मला तरी तिथे कुणी करून दाखवलेली दिसली नाही. पुढे १० जूनला खातेवाटप झालं तेव्हा गृह, अर्थ, संरक्षण, परराष्ट्र, रेल्वे सगळं भाजपकडेच, तेलुगू देसमच्या राममोहन नायडूंना नागरी विमान वाहतूक, जदयूच्या ललन सिंह यांना पंचायती राज आणि मत्स्यव्यवसाय. अध्यक्षपदी परत ओम बिर्ला. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही ते त्या कागदामुळे.

अर्थात ५ ते १० जून या दिवसांत साइट उघडून काही मिळत नाही, तिचं काम संपलेलं असतं, तेव्हा टीव्हीच. घटक पक्षांची बैठक, पाठिंब्याच्या सह्या, ९ तारखेचा शपथविधी हे बघायलाच हवं. अजित पवारांच्या राष्ट्रवादीच्या प्रफुल्ल पटेलांनी आधी कॅबिनेटमंत्री होतो म्हणून स्वतंत्र प्रभाराचं राज्यमंत्रिपद घेतलं नाही हे टीव्हीमुळेच तिथल्या तिथे कळलं. पण दुसऱ्या दिवशी शिवसेनेचे श्रीरंग बारणे नाराजी बोलून दाखवायला लागले तेव्हा मी परत पक्षांच्या तक्त्याकडेच गेलो. शिवसेना ७ जागा आणि पदरात एक स्वतंत्र प्रभार, चिराग पासवान ५ जागा आणि कॅबिनेट, कुमारस्वामींचा पक्ष २ जागा आणि कॅबिनेट, जीतनराम मांझी आपल्या पक्षाचे एकटे आणि तेही कॅबिनेट. नाराजी का होती हे समजायला त्यापुढे चर्चेची गरज राहिली नाही.

तर माझा कल कुठे आहे ते एव्हाना कळलं असेलच. घरात ज्येष्ठ मंडळी असतील, सगळ्यांनी मिळून बघायचं असेल तर टीव्ही चालू ठेवाच, तो दिवस एकट्याने मोबाईलमध्ये डोकं घालून काढायचा नसतो. फक्त आपल्या मतदारसंघाचं पान बाजूला उघडं ठेवा आणि टीव्हीवर कुणी आघाडीवर म्हटलं की आधी फेरीचा आकडा बघा. दुपारनंतर फेऱ्या निम्म्याच्या पुढे गेल्या की पक्षवार तक्ता उघडून २७२ पासून वजाबाकी करायला बसा, आणि सगळ्यात मोठा पक्ष त्याच्या खाली राहत असेल तर मित्रपक्षांचे आकडे एकेक करून वगळून बघा.